रेषेआधीची पावले

लडाखच्या पूर्वेकडचा मुलूख दाखवणारे जुने नकाशे मी पुन्हा पुन्हा उघडते, ते त्यांच्यातल्या मोकळ्या जागांसाठी. लेहहून पूर्वेला निघावे, चांग ला ओलांडावा, पँगाँगच्या काठाने जावे आणि चांग चेन्मो नदी पार करावी. तिथून पुढे जुन्या नकाशाकाराची लेखणी अडखळू लागते. डोंगरांच्या रेघा विरळ होतात, नद्या तुटक होतात, गावांची नावे थांबतात. पुढे कागदाचा रंग तेवढा उरतो. आजच्या नकाशांत अशी मोकळी जागा कुठेच नाही. उपग्रहांनी तिथला प्रत्येक उतार टिपला आहे, आणि नेमक्या त्याच भागात दोन मोठ्या देशांच्या फौजा समोरासमोर उभ्या आहेत. अज्ञान संपले आणि भांडण सुरू झाले, हा क्रम मला फार दिवस छळत आला आहे.

अक्साई चिन हा सुमारे ३८,००० चौरस किलोमीटरचा उजाड पठारी प्रदेश भारताच्या दृष्टीने लडाखचा भाग आहे आणि १९५०च्या दशकापासून तो चीनच्या ताब्यात आहे. हिमालयाच्या दुसऱ्या टोकाला, अरुणाचलच्या डोंगरमाथ्यांवर, याच वादाचा दुसरा पदर आहे. दोन्ही टोकांना दोन्ही बाजूंनी जुने नकाशे साक्षीला बोलावले. आपल्याकडे बांधावरून तंटा झाला की माणूस सातबारा आणि मोजणीचा नकाशा काढून आणतो, तसेच हे झाले. मात्र सातबाऱ्यावर जमीन कसणाऱ्याचे नाव असते. हिमालयापलीकडच्या नकाशांवर तिथे गुरे चारणाऱ्याचे, ओझी वाहणाऱ्याचे, पावले मोजणाऱ्याचे नाव बहुधा नसते. हे नकाशे पाहता पाहता माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली: या प्रदेशाचे ज्ञान चालणाऱ्यांनी आणले, रेषा मात्र दूरच्या खोल्यांत बसलेल्यांनी ओढल्या. आजचा वाद या दोहोंमधल्या अंतरात वाढला.

सुरुवात अठराव्या शतकापासून करायला हवी. चीनच्या कांगशी सम्राटाने आपल्या साम्राज्याचा नकाशा जेझुइट पाद्र्यांकडून करवून घेतला. तिबेटात पाद्र्यांना पाठवणे सोयीचे नव्हते, म्हणून १७१७ मध्ये गणिताचे शिक्षण दिलेल्या दोन लामांना तिकडे धाडले गेले. त्यांनी काही प्रदेश स्वतः पाहिला, काही ऐकून लिहिला. ती माहिती बीजिंगहून पॅरिसला पोचली आणि तिथे दाँव्हील या थोर नकाशाकाराने १७३०च्या दशकात तिबेटचे नकाशे तयार केले. दाँव्हील पॅरिसबाहेर फारसा कधी पडला नाही. माहिती नसेल तिथे कागद कोरा ठेवावा, काल्पनिक डोंगर काढू नयेत, अशी त्याची शिस्त होती आणि तिच्यासाठी तो आजही नावाजला जातो. पण गंगेच्या बाबतीत लामांच्या ऐकीव माहितीवर त्याने भरवसा ठेवला, आणि त्याच्या नकाशात गंगा मानसरोवराच्या परिसरातून उगम पावून हिमालय भेदून खाली आली.

बंगालचा सर्व्हेअर जनरल राहिलेल्या जेम्स रेनेलने १७८२ मध्ये हिंदुस्थानचा आपला प्रसिद्ध नकाशा छापला, तेव्हा उत्तरेकडच्या भागासाठी त्यानेही याच माहितीचा आधार घेतला. रेनेल काटेकोर माणूस होता. बंगालच्या नद्या त्याने वर्षानुवर्षे स्वतः मोजल्या होत्या. तरी जिथे त्याचे पाय पोचले नाहीत तिथे आधीच्या कागदावर विसंबणे त्याला भाग पडले. गंगेचा हा रस्ता खोटा आहे हे ठरायला १८०८ साल उजाडले. त्या वर्षी वेब, रेपर आणि हिअरसी हे पाहणीवर निघालेले तिघे गढवालात शिरले आणि गंगा हिमालयाच्या मुख्य रांगेच्या दक्षिणेलाच उगम पावते हे त्यांनी पुरेसे स्पष्ट केले. चार वर्षांनी मूरक्रॉफ्ट आणि हिअरसी गोसाव्यांच्या वेषात मानसरोवराच्या काठावर फिरले. तिथून गंगा निघत नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने कैलासयात्रा करणाऱ्यांना आणि व्यापार करणाऱ्या भोटियांना हे नव्याने शिकण्याची गरज नव्हती, पण त्यांना कोणी विचारले नव्हते. एक चूक पॅरिसमध्ये कागदावर उतरली की तिला पाऊणशे वर्षांचे आयुष्य मिळते, हे मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते. सीमेच्या बाबतीत पुढे हेच घडणार होते.

याच प्रदेशाचा आणखी एक नकाशा आहे आणि तो माझा विशेष लाडका आहे. १८५०च्या दशकात विल्यम एडमंड हे या इंग्रज अधिकाऱ्यासाठी एका तिबेटी लामाने लडाखपासून ल्हासापर्यंतच्या वाटांची चित्रे काढली. ती आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘वाइज संग्रह’ या नावाने जपलेली आहेत. प्रमाण, अक्षांश, रेखांश यांची काळजी त्या लामाने केलेली नाही. त्याने मठ काढले, टेकडीवरचे किल्ले काढले, नद्यांवरचे पूल आणि खिंडी काढल्या. चालणाऱ्याला जे क्रमाने भेटेल ते त्याने क्रमाने मांडले. त्या चित्रांकडे पाहताना प्रवास घडतो. इथे मुक्काम, इथे नदी उतरायची, इथे अधिकाऱ्याला तोंड द्यायचे. सत्ता कुठे आहे हे त्या नकाशातूनही कळते. ती किल्ल्यात आहे, मठात आहे, वाटेवरच्या चौकीत आहे. दोन चौक्यांमधल्या ओसाड माळावरून ती रेघेसारखी धावत नाही.

त्या काळचे राजकारणही याच रीतीचे होते. लडाख आणि तिबेट यांच्यात १६८४ मध्ये तिंगमोसगांगचा तह झाला. देमचोकजवळचा ल्हारी ओढा ही एक खूण तेव्हा ठरली. पण त्याच तहाने कैलासाजवळचे मिनसर गाव लडाखच्या राजाकडे राहिले. त्या गावाच्या उत्पन्नातून कैलास-मानसरोवराच्या तीर्थस्थानी दिवाबत्ती आणि पूजा चालावी, असा हेतू होता. तिबेटच्या पोटात, सीमेपासून कितीतरी दिवसांच्या वाटेवर, एक गाव लडाखला महसूल देत होते. पुढे लडाख जम्मूच्या डोगरा राजांकडे गेले तरी मिनसरचा महसूल येत राहिला, तो विसाव्या शतकापर्यंत. दर तीन वर्षांनी लेहहून ‘लोपचाक’ हा नजराण्याचा तांडा ल्हासाला जाई आणि दरवर्षी ल्हासाहून चहा घेऊन ‘चाबा’ लेहला येई. नजराणा, व्यापार, धर्म आणि राज्य एकाच तांड्यात चालत होते. रेषेच्या नकाशात मिनसर बसवता येत नाही. ते दाखवायला वेगळ्या प्रकारचा कागद लागतो.

डोगरा सेनापती जोरावर सिंग १८४१ मध्ये पश्चिम तिबेटात खोलवर घुसला आणि त्या डिसेंबरात तकलाकोटजवळ मारला गेला. पुढच्या वर्षी चुशूलला समेट झाला. त्यात दोन्ही बाजूंनी जुन्या, परंपरेने चालत आलेल्या सीमा मान्य केल्या. त्या सीमा कोणत्या, हे लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण संबंधितांना त्या ठाऊक होत्या. चार वर्षांनी, १८४६ मध्ये, अमृतसरच्या तहाने इंग्रजांनी गुलाब सिंगाला पाऊणकोटी रुपयांत काश्मीर दिले आणि पूर्वेकडची हद्द आखायला अधिकारी नेमायचे ठरवले. अलेक्झांडर कनिंगहॅम, हेन्री स्ट्रेची आणि थॉमस थॉमसन लडाखला गेले. पलीकडून कोणी प्रतिनिधी आला नाही. स्ट्रेचीने स्पितीपासून पँगाँगपर्यंत जे ऐकले-पाहिले ते नोंदवले आणि त्यापलीकडचा उत्तरेचा भाग मोकळा सोडला. त्या मोकळ्या भागाबद्दल मला स्ट्रेचीविषयी आदर वाटतो. आपण जिथवर गेलो तिथवरच बोलावे, हा अभ्यासकाचा धर्म त्याने पाळला.

मोकळी जागा भरायला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे पुढे सरसावला. या महाकाय मोजणीची एक खूण आपल्या विदर्भात आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्ब्टनने हे काम सुरू केले, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, घेऊन तो दक्षिणेतून उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. कापसाच्या त्या गावातून जी त्रिकोणांची साखळी पुढे निघाली तीच काही दशकांनी हिमालयाला भिडली. १८५६ मध्ये थॉमस माँटगोमरीने काश्मीरच्या हरमुखवरून दूर काराकोरममधली दोन शिखरे हेरली आणि त्यांना के-१, के-२ असे क्रमांक दिले. के-२ला तो क्रमांकच नाव म्हणून चिकटला.

माँटगोमरीच्या हाताखाली काम करणारा विल्यम जॉन्सन १८६५ च्या उन्हाळ्यात लेहहून निघाला. खोतानचा शासक हाजी हबीबुल्ला याचे बोलावणे त्याला आले होते. चिनी सत्तेविरुद्ध बंड करून हबीबुल्लाने खोतान घेतले होते आणि इंग्रजांची मैत्री त्याला हवी होती. वरिष्ठांची परवानगी न घेता जॉन्सन लिंगझी थांगचे पठार आणि अक्साई चिन ओलांडून कुनलुन पार करून खोतानला पोचला आणि काराकोरम खिंडीने परतला. पाच हजार मीटरच्या आसपासचा हा प्रदेश. झाड नाही, इंधन नाही, तळ्यांचे पाणी खारट, वारा अंगातली ऊब ओरबाडून नेणारा. एका प्लेन टेबलाच्या आधारे त्याने जो नकाशा काढला तो १८६७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यात काश्मीरच्या महाराजांची हद्द उत्तरेला थेट कुनलुनपर्यंत गेली होती आणि अक्साई चिन तिच्या आत होते.

ही हद्द त्याने कुठून आणली? महाराजांच्या लोकांनी काराकोरमपलीकडे शाहिदुल्ला इथे एक छोटी चौकी तेव्हा उभारली होती. यारकंदची वाट जपण्यासाठी महाराजांना तिची गरज होती. पूर्व तुर्कस्तानात चीनची सत्ता त्या वेळी उखडली गेली होती. म्हणजे जॉन्सनच्या नकाशातली रेषा त्या दोन-तीन वर्षांच्या परिस्थितीचे चित्र होते, आणि त्या चित्रात महाराजांची महत्त्वाकांक्षाही होती. वरिष्ठांची नाराजी ओढवून जॉन्सनने सर्व्हे सोडला आणि पुढे तो महाराजांच्याच सेवेत लडाखचा वजीर झाला. यावरून काहीजण त्याच्या नकाशावर संशय घेतात. मला तो अन्याय वाटतो. तो तिथे गेला होता, त्याने थंडी सोसली होती, मोजणी केली होती. त्याच्या मोजणीत चुका निघाल्या, त्या नंतरच्यांनी दुरुस्त केल्या. पण मार्ग आणि रेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जॉन्सनचा मार्ग त्याच्या पावलांनी सिद्ध होतो, रेषा त्या काळच्या सत्तेच्या आशेने. जुना नकाशा वाचताना हे दोन धागे सोडवून घ्यावे लागतात.

त्यानंतरच्या रेषा तर खोल्यांतच जन्मल्या. १८९७ च्या आरंभी लंडनमध्ये लष्करी गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख सर जॉन अर्डाघ याने सुचवले की भारताची सीमा कुनलुनच्या माथ्यांवर न्यावी. जपानकडून हरलेला चीन दुबळा झाला होता, रशिया पामीरकडून पुढे येत होता, आणि रशियाला अडवायला सीमा जितकी उत्तरेला तितकी बरी, हा त्याचा विचार. पुढच्या दोनच वर्षांत विचार पालटला. १४ मार्च १८९९ रोजी बीजिंगमधला ब्रिटिश वकील क्लॉड मॅक्डोनाल्ड याने चिनी सरकारला एक पत्र दिले. काश्गरमधल्या जॉर्ज मॅकार्टनीच्या सूचनेवर ते आधारले होते. या पत्रातल्या रेषेने अक्साई चिनचे पठार चीनकडे आणि लिंगझी थांग भारताकडे ठेवले होते. चीनने उत्तर दिले नाही. त्याआधी १८९३ मध्ये, रशियातल्या चिनी वकिलाने तयार केलेला एक नकाशा काश्गरमध्ये मॅकार्टनीच्या हाती देण्यात आला होता, आणि त्यात अक्साई चिन चीनबाहेर दाखवले होते. चिनी टपालखात्याच्या विसाव्या शतकातल्या नकाशासंग्रहातही तसेच आढळते. एका बाजूचा एक नकाशा उचलून दुसऱ्याला गप्प करता येते, आणि दुसराही नेमके तेच करू शकतो. सहा वर्षांत तीन रेषा फिरल्या, आणि त्या पठारावरचा एकही दगड हलला नाही.

आता चालणाऱ्यांकडे वळू. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचा नैन सिंग रावत शाळामास्तर होता. तिबेटात गोऱ्यांना मज्जाव होता म्हणून माँटगोमरीने डोंगरातली अशी माणसे हेरून डेहराडूनला तयार केली. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी मोजमापांचे कागद. पाणी कोणत्या तापमानाला उकळते यावरून उंची काढायची. नैन सिंग १८६६ मध्ये ल्हासाला पोचला आणि त्या शहराचे स्थान आणि उंची त्याने निश्चित केली. त्याचा शेवटचा प्रवास मला सर्वांत थोर वाटतो. १८७४ च्या जुलैत तो लामाच्या वेषात, सामान मेंढ्यांच्या पाठीवर लादून, लेहहून निघाला. पँगाँगच्या बाजूने पूर्वेला चांगथांग ओलांडून ल्हासा, तिथून त्सांगपोच्या दक्षिणेला तवांग, आणि १८७५ च्या मार्चमध्ये आसामातले उदालगुडी. आज ज्या दोन टोकांवर भारत आणि चीन एकमेकांसमोर उभे आहेत ती दोन्ही टोके या माणसाने एका सलग चालीत जोडली होती. आणि अहवालांत त्याचे नाव सुरुवातीला ‘पंडित’ एवढेच होते. जिवाच्या सुरक्षेसाठी ते योग्यच होते. १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले, ते त्याच्या खऱ्या नावाने.

किंथुपच्या नशिबी तेही नव्हते. सिक्कीमच्या या निरक्षर माणसाला १८८० मध्ये एका लामाबरोबर पाठवले होते, तिबेटातली त्सांगपो हीच आसामातली ब्रह्मपुत्रा का, हे शोधायला. लामाने त्याला वाटेतच गुलाम म्हणून विकून टाकले. तिथून निसटून, एका मठाच्या आश्रयाला राहून, पुन्हा कामाचा धागा धरून किंथुपने ठरल्याप्रमाणे पाचशे ओंडके कापले, त्यांना खुणा केल्या आणि रोज पन्नास याप्रमाणे दहा दिवस ते त्सांगपोत सोडले. आसामात कोणी पाहत नव्हते. त्याने पाठवलेला निरोप वेळेवर पोचलाच नव्हता. १८८४ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्या सांगण्यावर फारसा विश्वास कोणी ठेवला नाही. १९१३ मध्ये बेली आणि मॉर्सहेड हे दोन अधिकारी त्सांगपोच्या त्या घळीत गेले, तेव्हा किंथुपच्या सांगण्यातले बरेचसे खरे निघाले. बेलीने सरकारकडे आग्रह धरून म्हाताऱ्या किंथुपला हजार रुपये मिळवून दिले. ते ओंडके आसामातून कोणाच्याही लक्षात न येता वाहून गेले याचे मला वाईट वाटतेच, पण त्याहून मनाला लागते ते हे की खुणा करणारा हात इतक्या वर्षांनी आणि इतक्या स्वस्तात ओळखला गेला.

तिसरा लेहचा गुलाम रसूल गलवान. किशोरवयापासून तो साहेबांच्या तांड्यांत तट्टे हाकत होता. १८९० च्या दशकात एका मोहिमेचा तांडा दुर्गम घळीत अडकला असताना त्याने वाट शोधून काढली आणि त्या नाल्याला त्याचे नाव दिले गेले, असे त्याच्या घराण्यात सांगतात. पुढे त्याने मोडक्या इंग्रजीत आपली कहाणी लिहिली आणि १९२३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. एका लडाखी हमालाचे नाव नदीला मिळणे ही नकाशाच्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट. त्या नावाच्या खोऱ्यात १५ जून २०२० च्या रात्री वीस भारतीय जवान मृत्युमुखी पडले. चीननेही नंतर आपले चार जण गेल्याचे मान्य केले. वाट काढून दिल्याबद्दल मिळालेले नाव मृतांच्या यादीशी जोडले गेले, याचे दुःख रसूलच्या वंशजांनाही झाले असणार.

पूर्वेकडच्या रेषेची गोष्टही अशीच. बेली-मॉर्सहेडच्या पाहणीची माहिती हाती येताच, तिबेटच्या प्रश्नावरच्या सिमला परिषदेच्या वेळी, १९१४ च्या मार्चमध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचे सर हेन्री मॅकमहोन आणि तिबेटचे प्रतिनिधी लोनचेन शात्रा यांनी दोन तक्त्यांच्या नकाशावर लाल रेषा मान्य केली. नकाशाचे प्रमाण एका इंचाला आठ मैल. त्या मापावर जाड लेखणीच्या टोकाखाली अर्धे डोंगरउतार झाकले जातात. तत्त्व पाणलोटाचे होते: रेषा सर्वांत उंच धारेवरून जावी. भूतानच्या कोपऱ्यात मात्र कागदावरची रेषा २७° ४४′ ३०″ अक्षांशावर थांबली आणि प्रत्यक्षातली उंच धार, थागला, तिच्या काही मैल उत्तरेला निघाली. १९६२ च्या ऑक्टोबरात नामका चू नाल्यावर जी लढाई पेटली तिच्या मुळाशी हे अंतर होते. नकाशा म्हणतो ती सीमा, की नकाशामागचे तत्त्व म्हणते ती? भारताचे म्हणणे तत्त्वाच्या बाजूने होते आणि मला ते सयुक्तिक वाटते. पण थंडीचे कपडे आणि पुरेसा दारूगोळा नसताना त्या नाल्याकाठी उभे केलेल्या जवानांना ही चर्चा कधी ऐकवली गेली होती का, हा प्रश्न मला सोडत नाही.

या रेषेच्या कागदपत्रांनाही इंग्रजांनी प्रामाणिक राहू दिले नाही. एचिसनच्या सरकारी तहसंग्रहाचा चौदावा खंड १९२९ मध्ये निघाला तेव्हा १९१४ चा हा करार त्यात नव्हता. १९३० च्या दशकात दिल्लीला रेषेची आठवण झाली. मग १९३८ मध्ये नवा खंड छापून त्यावर वर्ष जुनेच, १९२९ घातले गेले, आणि आधीच्या प्रती परत मागवल्या गेल्या. मूळ खंडाची एक प्रत हार्वर्डच्या ग्रंथालयात उरली, म्हणून हे जगाला कळले. रेषा खरी असो वा नसो, तिच्यासाठी तारीख बदलावी लागणे ही दुर्बळतेची कबुली असते. असली कागदपत्रे आपल्या वाट्याला वारसा म्हणून आली.

स्वतंत्र भारताच्या सर्व्हे ऑफ इंडियाने १९५० च्या नकाशात या उत्तर भागावर सीमा अनिश्चित असल्याचे लिहिले होते. जुलै १९५४ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी जुने नकाशे तपासून गरज पडल्यास मागे घ्यावेत आणि नव्या नकाशांत सीमा निःसंदिग्ध दाखवावी, असा आदेश दिला. नव्या देशाला आपल्या आकृतीची खात्री हवी असते, हे मी समजू शकते. चीनने मात्र त्याच काळात अक्साई चिनमधून शिंच्यांग-तिबेट रस्ता नेला. तो पूर्ण झाल्याची चिनी बातमी १९५७ मध्ये दिल्लीला कळली. १९६० मध्ये दोन्ही देशांचे अधिकारी बीजिंग, दिल्ली आणि रंगूनला बसले. महसुलाच्या नोंदी, प्रवाशांची वर्णने, नकाशे यांचा डोंगर उभा राहिला. त्या बैठकांत चीनने मांडलेली रेषा त्याच्याच १९५६ च्या नकाशातल्या रेषेच्या पश्चिमेला सरकली होती आणि चांग चेन्मो-गलवानचा आणखी भाग तिने कवेत घेतला होता. दोन वर्षांनी युद्ध झाले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्राच्या घराघरात रुजले. त्या अभिमानाचा मला आजही आधार वाटतो. पण हिमालयाची ओळख करून घेण्याची जबाबदारीही त्या अभिमानात येते, आणि ती आपण अजून पुरती उचललेली नाही.

ओळख करून द्यायला माणसे आहेत. चांगथांगचे चांगपा मेंढपाळ आजही याकच्या केसांच्या काळ्या तंबूत, ‘रेबो’त, राहतात आणि पश्मिन्याच्या शेळ्या घेऊन ऋतूप्रमाणे कुरणे बदलतात. कोणता झरा हिवाळ्यातही वाहता राहतो, कोणत्या खोऱ्यात बर्फ कमी साठते, आजोबांनी मेंढ्यांसाठी रचलेला दगडी गोठा कुठे आहे, हे त्यांना पाठ असते. २०२० नंतर दोन्ही सैन्ये काही ठिकाणी मागे सरली आणि मधल्या पट्ट्यांत जाण्यावर बंधने आली. चुशूल भागातले मेंढपाळ तेव्हापासून सांगत आहेत की त्यांची हिवाळी कुरणे गेली. ज्या जमिनीवर आपला वापर परंपरेने चालत आला, हा आपल्या दाव्याचा कणा आहे, तिथला वापर करणारी माणसेच तिथून मागे सरकत आहेत. हे मला कोणत्याही जुन्या नकाशाच्या हरवण्यापेक्षा गंभीर वाटते. एका कुरणात दोन-तीन पिढ्या कोणी गेले नाही की त्याचे नाव विसरले जाते, आणि मग त्याची साक्ष द्यायला फक्त कागद उरतो.

म्हणून या नकाशांकडून मला शिकायचे आहे ते एवढे: कागद महत्त्वाचा आहे, तो जपला पाहिजे, अभिलेखागारांची कपाटे अभ्यासकांसाठी उघडली पाहिजेत, आपल्या बाजूला अडचणीचे ठरणारे नकाशेही आपणच नीट वाचले पाहिजेत. पण कागदाआधी जमीन चालणाऱ्यांचे ज्ञान लिहून घेतले पाहिजे. कुरणांची, झऱ्यांची, जुन्या मुक्कामांची नावे, गोठ्यांचे दगड, तांड्यांच्या वाटा आज नोंदवल्या तर त्या पुढच्या वाटाघाटींत कोणत्याही व्हाइसरॉयच्या टिपणापेक्षा जड ठरतील. कधी ना कधी या डोंगरांवर दोन्ही देशांना मान्य होणारी सीमा आखावी लागेल, मोजणीदार खांब घेऊन निघतील. ज्यांच्या पूर्वजांच्या पावलांनी हा प्रदेश पहिल्यांदा कागदावर आला, त्या लोकांना बरोबर घेतल्याशिवाय ओढलेली कोणतीही रेषा तिथे टिकेल, असे मला वाटत नाही.